सईला, कॅनडातल्या कॅमलूप्सहून

प्रिय सई,

रविवारी तू फोन ठेवल्यापासून मेसेज टाईप करतोय आणि खोडतोय. व्हॉट्सॅपवर लांबलचक लिहिलं की तू नुसता अंगठा टाकतेस, म्हणून ईमेल. घाई नाही, जेवण झाल्यावर सावकाश वाच. आणि आधीच सांगतो, तुझ्या नर्सरीसाठी रान तारण ठेवायच्या त्या बँकेच्या कागदाचा विषय ह्यात काढायचा नाही असं ठरवून बसलोय. "पप्पा, तुम्ही तिकडं बसून इथला हिशोब करू नका" म्हणालीस, बरं, नाही करत. मला दुसरंच सांगायचंय. परवा मी एका नर्सरीत गेलतो.

तुझ्या टोमॅटो-ढबूच्या नर्सरीसारखी नाही, जंगलाच्या झाडांची. फिरायला नव्हतो गेलो, कामावरच. व्हर्ननजवळ आहे, इथनं दीडेक तास. त्यांच्या एका कोल्ड रूमचा अलार्म वाजत होता, टेंपरेचर धरत नव्हतं, म्हणून आमच्या डिस्पॅचनं मला आणि त्या नव्या पोराला पाठवलं. मला वाटलं सफरचंदाचं स्टोरेज असणार, कारण ही ओकानागनची दरी म्हणजे सफरचंद आणि द्राक्षंच, रस्त्याच्या दोन्ही अंगाला बागा, मणेराजुरीकडनं येतोय असं वाटावं. दार सरकवलं तर आत छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी आणि खोक्यात रोपं. उणे दोन डिग्रीला, जिवंत.

मी इतकी वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढली, बेदाणा बघितला, द्राक्षं बघितली, बटाटा बघितला, पण रोपं फ्रीझरमध्ये ठेवतात हे माझ्या गावीच नव्हतं. तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेल कदाचित. इथं कसंय, रोप वाढतं उन्हाळ्यात, आणि लावायचं पुढच्या वसंतात बर्फ वितळल्यावर, आणि बर्फ काय सगळीकडं एकदम वितळत नाही, खालच्या दरीत एप्रिलात आणि वर डोंगरात जूनमध्ये. मग तोवर रोपं ठेवायची कुठं? तर नोव्हेंबर-डिसेंबरात ती ब्लॉकमधून, म्हणजे त्यांच्या रोपांच्या ट्रेमधून, उपटतात, मुळं मातीसकट नीट गड्डीसारखी निघतात, थोडी थोडी मिळून प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळतात, प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या खोक्यात भरतात आणि उणे दोनला ठेवून देतात. चार-पाच महिने, कधी त्याहून जास्त. लावायच्या आधी बाहेर काढून हळूहळू वितळवतात. असली खोकी लाखोंनी रोपं पोटात घेऊन बसलेली, आणि अलार्म वाजतोय, म्हणजे विचार कर त्या सुपरवायझरचं तोंड कसं झालं असेल.

बिघाड मोठा नव्हता. डिफ्रॉस्टचा हीटर गेला होता, त्यामुळं कॉईलवर बर्फ चढला होता, फॅन फिरतोय पण हवा पुढं जात नाही, आपल्याकडं एप्रिलात कायम व्हायचं तसं. मागच्या कोपऱ्यातली खोकी शून्याच्या वर निघाली होती. मी त्या सुपरवायझरला म्हटलं आधी ती खोकी पुढं घे आणि थप्पीत फट ठेव, हवेला वाट पाहिजे. तो माझ्याकडं बघायला लागला, म्हणाला तुला कसं माहीत. मी म्हटलं द्राक्षात जन्म गेलाय माझा. कारण त्यांचाही वैरी तोच आहे सई, बोट्रायटिस, ती राखाडी बुरशी. गारवा थोडा सुटला, खोक्यात ओल धरली की ती पसरते. आपण द्राक्षाच्या पेटीत ग्रेप गार्डचा कागद घालतो ना, मी विचारलं तुम्ही काय घालता, तर म्हणाला काही नाही, उणे दोन हेच आमचं औषध. आणि फार खालीही नेऊन चालत नाही, कारण वरचा शेंडा थंडी सोसतो, मूळ तेवढी सोसत नाही. म्हणजे एका बाजूला बुरशी आणि दुसऱ्या बाजूला मेलेली मुळं, मधल्या दोन-तीन डिग्रीत सगळा धंदा. इकडं आल्यापासून पहिल्यांदा असं झालं की आबांच्या काळात शिकलेली गोष्ट कुणालातरी नवीन वाटली. घरी येऊन एकटाच हसत होतो.

डिफ्रॉस्ट मारून बर्फ उतरायला वेळ लागतो, तोवर तो मला सगळं दाखवायला घेऊन गेला. मी मुद्दाम म्हटलं माझी मुलगी ॲग्रीची आहे, नर्सरी काढतीय. "काढतीय" म्हणालो, "काढणार म्हणतीय" नाही म्हणालो, हे तुला कळावं म्हणून लिहितोय.

ग्रीनहाऊस बरीचशी रिकामी व्हायला आली होती. पांढऱ्या थर्मोकोलसारखे ब्लॉक, साधारण दोन फूट बाय सव्वा फूट, त्याला खोल खोल भोकं. मी बघितला त्याला ११२ भोकं होती, आणि मोठ्या रोपाला ७७ किंवा ६० वाले घेतात. ते भोक तळाला उघडं असतं आणि ब्लॉक रॅकवर अधांतरी ठेवतात, म्हणजे मूळ खाली हवेत आलं की तिथंच थांबतं, गोल गोल फिरत बसत नाही. तुझ्या प्रोट्रेला पण खाली भोक असतंच, पण तू ते ट्रे गच्चीवर थेट फरशीवर ठेवले होतेस, मी व्हिडिओत बघितलं. खाली दोन बांबू टाक. नाहीतर मुळं फरशीला चिकटतात आणि उचलताना तुटतात. हे तुला माहीत असेल. माहीत असेलच. पण टाक.

बी मात्र त्यांचं स्वतःचं नसतं, हे मला फार भारी वाटलं. सरेला सरकारचं बियाणं केंद्र आहे, व्हँकुव्हरच्या बाजूला, तिथं उणे अठरा डिग्रीला जंगलाचं बी ठेवलेलं असतं, प्रत्येक लॉटला नंबर. कुठल्या भागातनं, किती उंचीवरनं गोळा केलं ते सगळं त्या नंबरला लागलेलं. ते रोप कुठं लावायचं ते पण त्यावरनंच ठरतं, वाटेल तिथं नाही लावता येत. पूर्वी जिथलं बी तिथंच आसपास असा हिशोब होता, आता हवामान बदललं म्हणून पुढच्या काळात तिथली हवा कशी असणार ते धरून, थोड्या उबदार भागातलं बी वर न्यायचं असा नियम केलाय. लॉजपोल पाइनचं बी एवढं बारीक की किलोला तीन लाखांच्या आसपास भरतं. आधी चोवीस तास पाण्यात, मग काही आठवडे फ्रिजमध्ये ओलं ठेवतात, बियाला वाटलं पाहिजे की हिवाळा संपला. त्या पाइनची शंकू म्हणजे राळेनं घट्ट चिकटलेली, आग लागून धग बसली की उघडतात. २०२३ ला मी तुला तो नारिंगी सूर्याचा फोटो पाठवला होता बघ, दुपारी तीनला, धुरातनं. त्या वर्षी ह्या एका प्रांतात, ब्रिटिश कोलंबियात, २८ लाख हेक्टर जळलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, परत या म्हणून.

बरं. पुढं ऐक. जुलै-ऑगस्टात स्प्रूसच्या ग्रीनहाऊसवर दिवसाढवळ्या काळे पडदे ओढतात. दिवस लवकर मावळला असं रोपाला फसवायचं, मग ते उंच जायचं थांबतं, शेंड्याला डोळा धरतं आणि खोड जाड करतं. डोळा म्हटलं की मला छाटणीच आठवते, कुठल्या डोळ्यावर कात्री लावायची ते आबा बोटानं दाखवायचे, तोंडानं कधी नाही. आणि फ्रीझरला टाकायच्या आधी चार शेंडे कापून लॅबला पाठवतात, तिथं उणे अठराला गोठवून बघतात किती काळे पडतात. कमी पडले तर रोप झोपायला तयार, नाहीतर अजून थांब.

आणि पाणी कधी द्यायचं ते कसं ठरवतात सांग? वजनावर. ब्लॉक काट्यावर ठेवायचा. भरपूर पाणी पिल्यावर वजन किती ते माहीत असतं, अमुक इतकं उतरलं की परत पाणी. बोट घालून बघणं नाही, अंदाज नाही. एवढ्या कोटीच्या धंद्यात हा साधा काटा. हे तू उद्यापासून करू शकतेस, आबांचा बेदाण्याचा काटा माळ्यावर आहे, बाळूकाकानं नेला नसेल तर. कोकोपीट वरनं कोरडं दिसतं आणि खाली चिकल असतो, तुझा तो पहिला मिरचीचा लॉट मान टाकून बसला तो त्यानंच, मर रोगाला ओलच लागते. मी तेव्हा बोललो नाही.

ग्रेडिंगच्या शेडमध्ये पट्ट्यावर रोपं येत होती आणि दोन्ही बाजूला बायका उभ्या, निम्म्या पंजाबी, काही मेक्सिकन पोरं. एक बाई, आपल्या आजीच्या वयाची नाही पण आत्यापेक्षा मोठी, स्वेटरवर स्वेटर, वर जाकीट, हातात रबरी मोजे बोटं कापलेले. रोप उचलायचं, गड्डी दोन बोटात दाबायची, खोडाच्या बुडाशी जाडी बघायची, शेंडा एक आहे का दोन ते बघायचं आणि ठेवायचं किंवा खाली फेकायचं. एका रोपाला दोन सेकंद पण नाही. मध्येच काट्या काट्या आल्या नुसत्या, एक पान नाही, मी म्हटलं हे सगळं मेलंय की. ती हसली. हिंदीत म्हणाली भाईसाब ये लार्च है, इसके पत्ते झड़ते हैं. आणि नखानं साल खरवडून दाखवली, आत हिरवीगार. मग विचारलं कुठले तुम्ही, मी सांगली म्हटलं, तिला हळद माहीत होती! तिच्या डब्यातला मेथीचा पराठा दिला मला. तिची मुलगी इथंच नर्स आहे म्हणे. ती मला मुलीचं कौतुक सांगत होती, मी तिला तुझं. आपण कुणाला सांगतो तेव्हा कौतुकच सांगतो बघ, आणि तुला फोन केला की पाढे.

हे सगळं मी का सांगतोय तर तुला कळावं की मी नर्सरीच्या विरोधात नाही. तू म्हणालीस ना, पप्पांना नर्सरी हा धंदाच वाटत नाही. वाटतो. तुझे ते गच्चीवरचे ट्रे ओमनं व्हिडिओत दाखवले तेव्हा मी ड्युटीवर होतो, गाडी बाजूला घेऊन बघितले. कोबीची रोपं एका उंचीची होती. एका उंचीची रोपं आणणं सोपं नाही हे मला आता त्या बाईकडं बघून जास्तच कळलं.

पण एक गोष्ट तिथं बघितली आणि ती डोक्यातनं जात नाही.

मी त्या सुपरवायझरला विचारलं, एवढी रोपं काढता, विकायला कुठं जाता? त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला विकायचं काय त्यात, ऑर्डर असल्याशिवाय आम्ही बी पेरतच नाही. आधी लाकूडतोडीची कंपनी सांगते, अमुक डोंगरासाठी अमुक लॉटची एवढी रोपं, ह्या साईजची, ह्या महिन्यात. मग पेरणी. आणि कंपनीनं का सांगायचं, तर १९८७ पासून इथं कायदाच आहे की जो जंगल तोडेल त्यानंच परत लावायचं आणि नुसतं लावायचं नाही, ते उभं राहून मोकळं वाढायला लागेपर्यंत त्याचीच जबाबदारी. २०२० साली ह्या प्रांतात तीस कोटींच्या आसपास झाडं लावली, ती सगळी आधी कुठल्यातरी वहीत ऑर्डर म्हणून लिहिलेली होती. पूर्वी ह्या नर्सऱ्या सरकारच्या होत्या, १९८८ च्या सुमारास खाजगी केल्या, काही ठिकाणी तर तिथल्या नोकरांनीच मिळून विकत घेतल्या. त्यांची हिंमत झाली कारण पुढचं गिऱ्हाईक कायद्यानं बांधलेलं होतं.

आता तुझं गिऱ्हाईक कोण, सावळजचा शेतकरी. तो चांगला माणूस आहे, आपल्यातलाच आहे, पण त्याला कुणी बांधलेलं नाही. २०२३ ला आठव, जुलैमध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला, सगळे त्याच्यामागं धावले, आणि सप्टेंबरात लोक रस्त्यावर ओतत होते. त्या सप्टेंबरात ज्या नर्सरीवाल्याकडं टोमॅटोचं रोप तयार होतं त्याचा फोन कुणी उचलला असेल? आणि तुझं रोप झोपवता येत नाही सई. टोमॅटो पंचवीस-तीस दिवसांत तयार, त्यानंतर आठवडाभर काय थांबेल, मग लांबट होतं, पिवळं पडतं, फेकून द्यायचं. ह्यांच्याकडं फ्रीझर आहे म्हणून नोव्हेंबरचं रोप जूनपर्यंत थांबतं. आणि तुला सांगतो, ह्यांचं पण एक पीक असतं जे गोठवत नाहीत, उन्हाळी लावणीचं, काढलं की थेट डोंगरावर, तेव्हा ह्यांची पण झोप उडते म्हणाला, ट्रक एक दिवस उशिरा आला तरी बोंबाबोंब. कायदा आहे, ऑर्डर आहे, तरी. आणि तुझं तर बाराही महिने उन्हाळी लावणीच की. रोप थांबणार नाही आणि हप्ता पण थांबणार नाही. आणि हप्ता कशावर, तर ओढ्याकडच्या रानावर.

काढायचा नव्हता विषय. आला.

आता आलाच आहे तर बोलतो, मग परत नाही. तुला वाटतं मी जमिनीला चिकटून बसलोय, जमीन आता नुसती पडून आहे, तारण ठेवली तर काय बिघडतं, तू फोनवर हेच म्हणालीस. सई, तू ओढ्याकडच्या रानात द्राक्षाची बाग बघितलेली नाहीस. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा अँगल उपटले. लोखंडी अँगल, तारा, सगळं टेम्पोत भरून भंगारवाल्याला दिलं, किलोवर. आबा टेम्पोच्या मागं चालत गेले फाट्यापर्यंत, तिथनं परत आले आणि जनावरांना वैरण टाकली. त्याच्या आदल्या वर्षी छाटणीनंतर पाऊस लागला, फुलोऱ्यात डावणीचा रोग आला, घड कुजले, आणि कर्ज तर औषधासाठी आणि तारांसाठी घेतलेलं. नोटीस चावडीवर लावलेली. आजी तेव्हापासून चावडीच्या रस्त्यानं देवळात जात नाही, लांबनं फिरून जाते, तुला वाटत असेल तिकडनं सावली आहे म्हणून. त्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचं नाव पडलं ते निघायला किती वर्षं लागली ते आईला विचार. मी इथं आलो ते कशासाठी आलो? बोजा कमी झाल्याचा फेरफार झाला त्या दिवशी तलाठ्याकडनं उतारा काढून बाळूकाकानं मला फोटो पाठवला, कोरा. तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, फोन बदलला तरी आहे.

आता लेक्चर झालं. सॉरी. तुला हे असं लिहायचं नव्हतं. तू आबा नाहीस आणि तुझी नर्सरी म्हणजे बाग नाही, बागेत वर्षाला एकच डाव असतो, नर्सरीत एक लॉट गेला तर महिन्यानं दुसरा येतो, हे तूच मला सांगितलंस आणि ते बरोबर आहे. मी त्याच्यावर विचार केलाय. रात्री झोप येत नाही तेव्हा इथं विचार करायला भरपूर वेळ असतो, साडेचारला अंधार पडतो. जेवतो वेळेवर, ते विचारू नकोस.

मला फक्त एवढं सांग. तुझ्या फाईलमध्ये दहा गुंठ्याचं शेडनेट लिहिलंय, ते दहाच का? रोपवाटिका योजनेत तेवढं धरलंय म्हणून का तेवढ्या रोपांना गिऱ्हाईक आहे म्हणून? अहिल्यादेवींच्या नावाची ती योजना मी वाचली, ५० टक्के अनुदान आहे, महिला कृषी पदवीधरांना आधी घेतात, म्हणजे तुझा नंबर लागेल, त्यात मला शंका नाही. पण अनुदान पहिल्या दिवशी हातात पडत नाही, खर्च आधी आपला होतो, आणि मधल्या काळात व्याज कुणाचं चालू असतं? त्यापेक्षा आधी दोन-तीन गुंठ्यावर कर. शेडनेटचे पैसे मी पाठवतो. पाठवतो म्हणजे उसने समज हवं तर, तुला फुकट नको असतं हे माहीत आहे मला, लिहून ठेव, हप्त्यानं दे. फक्त माझ्या हप्त्याची नोटीस चावडीवर लागत नाही.

आणि वही कर. मोबाईलमधली नाही, वही. ज्याची ऑर्डर त्याचं नाव, गाव, कुठलं वाण, किती रोपं, कुठल्या तारखेला नेणार, आणि ॲडव्हान्स किती दिला. ॲडव्हान्स नाही तर पेरणी नाही, सख्खा मामा आला तरी. मामा तर नक्कीच येईल आणि म्हणेल पोरीकडं काय ॲडव्हान्स मागतीस, त्याला माझं नाव सांग. बी शेतकऱ्यानं स्वतःचं आणून दिलं तर आणखी बरं, पाकिटावरचा लॉट नंबर त्याच्या नावापुढं लिही, उद्या उगवलं नाही तर तुझ्यावर येणार नाही. ट्रे परत वापरताना नुसता पाण्यानं धुऊ नकोस, हे लोक ब्लॉक गरम पाण्यात बुडवून काढतात, जुन्या मुळात बुरशी राहते म्हणून. कडक पाण्यानं आपले प्रोट्रे वाकडे होतील, तर तू ब्लीचिंगचं काय ते बघ, तुला जास्त कळतं.

खरंच तुला जास्त कळतं. त्या माणसानं मला ऑक्सिन का काय त्यातलं सांगितलं ते माझ्या डोक्यावरनं गेलं, तू असतीस तर त्याला चार प्रश्न विचारले असतेस, मी नुसता मान हलवत होतो. मी त्याला तुझा व्हिडिओ दाखवला. कोबीचा. तो म्हणाला युनिफॉर्म आहे. तो काय उगाच म्हणणारा माणूस नव्हता, स्वतःची निम्मी रोपं नावं ठेवून दाखवत होता मला.

ओमला सांग दहावीच्या अभ्यासाच्या नावाखाली तुझ्या ट्रेला पाणी घालत बसू नको. म्हणजे घाल, पण काट्यावर वजन करून. आजीच्या गुडघ्याचं औषध आलं का? आईनं फोनवर "हो" म्हटलं पण ते तिचं "हो" होतं. आणि आईला सांग की माझ्या घरच्या हीटरची बोंब आता नाही, मालकानं बदलून दिला.

मुखत्यारपत्राचं. ते व्हँकुव्हरला कॉन्सुलेटमधनं करून घ्यायचं म्हटलं तर त्याला एक दिवस सुट्टी काढावी लागेल आणि ह्या दिवसांत कोकिहालाचा रस्ता बर्फाचा असतो, वाट कधी बंद करतील सांगता येत नाही. ही सबब नाही. वहीत पन्नास-साठ हजार रोपांची ऑर्डर ॲडव्हान्ससकट लिहिलेली मला दिसली की मी बर्फातनं जाऊन सही करून पाठवतो, पण पूर्ण रानाची नाही, वरच्या बांधाच्या तेवढ्या गटाची. तू बँकेला विचार तेवढ्यावर होतंय का. नाही म्हणाले तर दुसरी बँक बघ. कुणी म्हणेल वडील परदेशात आहेत म्हणजे पैसा असेल, त्याला काही सांगत बसू नकोस.

ह्या रविवारी फोन करतो, आठ वाजता, तुमचे. उचल. बँकेचा विषय मी काढणार नाही, तू काढलास तर बोलू. तो लार्चच्या काडीचा व्हिडिओ वेगळा पाठवलाय, बघ, आईला पण दाखव.

तुझे,
पप्पा

ता. क. तुझ्या मेसेजमध्ये हप्ता किती ते लिहिलंय, किती वर्षांचा ते लिहिलेलं नाही. आणि व्याज फिक्स आहे का बदलतं? मॅनेजरला तोंडी विचारू नकोस, लेखी घे.